तीनशे ओहमची भेट

माझ्या भावाने आईला हेडफोन पाठवले आणि आई बहिरी झाली. मी हे असंच सांगते आणि ऐकणारे हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. पण दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने सांगायला लागले की माझा आवाज चढतो, म्हणून मी हीच पद्धत ठरवून टाकली आहे.

आई मुलुंडच्या एका शाळेत मराठी शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती घाटकोपरच्या एका लहानशा संस्थेचं काम घरून करायला लागली. ही संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं बोलकी करते. कुणी गृहिणी, कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका आपापल्या घरी बसून पुस्तक मोठ्याने वाचतात, फोनवर रेकॉर्ड करतात आणि संस्थेला पाठवतात. तिथून ते थेट मुलांकडे जात नाही. मध्ये आई बसलेली असायची. छापील पुस्तक समोर उघडं ठेवून, कानाला हेडफोन लावून ती एकेक ओळ ऐकायची. ओळ बरोबर आली की पेन्सिल पुढे सरकायची. चुकली की त्या वाचणाऱ्याला फोन जायचा.

वाचणारी माणसं मनाने चांगली असतात, पण माणसंच ती. दोन पानं एकदम उलटतात आणि पत्ता लागत नाही. 'नाही' हा शब्द गिळतात आणि वाक्याचा अर्थ बरोब्बर उलटा होतो. मागे कुकर शिट्ट्या मारतो, पंखा घरघरतो, सून हळूच विचारते की भाजीत गूळ घालू का. डोळस मुलगा अशा वेळी पुस्तकात बघेल. ज्याला दिसत नाही तो कुठे बघणार? आई हे सगळं पकडायची. संस्थेत तिला मागून खडूस म्हणायचे हे मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत होतं. तिला त्याचा अभिमान होता.

तिचे जुने हेडफोन मुलुंड स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरचे होते. कानावरच्या गादीचं कातडं उकललेलं, त्याचे काळे कपटे तिच्या पांढऱ्या केसांत अडकायचे. ती पदराने झटकायची आणि पुढची ओळ ऐकायची. दादा दिवाळीला आला होता तेव्हा त्याने ते पाहिलं. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, परदेशात असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हेडफोन हा त्याचा छंद आहे. तिकडच्या घरात त्याने त्यासाठी एक अख्खी खोली अडवली आहे. त्याची बायको म्हणते की तो गाणी ऐकत नाही, हेडफोन ऐकतो. आईच्या केसांतले ते काळे कपटे बघून त्याला कसंसंच झालं, आणि परत गेल्यावर त्याने एका मित्राबरोबर नवे पाठवून दिले.

खोका बघूनच आई हरखली. आत मखमलीची पिशवी, पिशवीत ते मोठे, जड, राखाडी हेडफोन. आईने खोक्याला हळदकुंकू लावलं, देवापाशी ठेवला आणि संध्याकाळपर्यंत मजल्यावरच्या सगळ्यांना दाखवून झाला. मग कॉम्प्युटरला लावून तिने एक जुनं गाणं ऐकलं आणि दादाला फोन करून झकास म्हणून सांगितलं. जुने तिने त्याच दिवशी कचऱ्यात टाकले. आता इतकी छान वस्तू असताना ते कशाला, असं म्हणाली.

आमच्या सोसायटीत एक न लिहिलेला नियम आहे. परदेशातल्या मुलाने पाठवलेली वस्तू खराब असू शकत नाही. तिकडचा मिक्सर इथे चालला नाही तर आपला करंट खराब. चॉकलेटं वितळली तर आपली हवा खराब. शर्ट दंडात घट्ट झाला तर वडिलांनी वजन कमी करावं. आई याच सोसायटीत इतकी वर्षं राहिली आहे. त्यामुळे नव्या हेडफोनमधून धडे हळू ऐकू यायला लागले तेव्हा खराब काय झालं असेल हे तिच्या मनात लगेच ठरून गेलं.

मी अंधेरीच्या ऑफिसातून घरी यायचे तर खिडक्या बंद, पंखा बंद, आई घामाने निथळत बसलेली. दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरलेले. पेन्सिल धरायलाही हात मोकळा नाही. मी पंखा लावला की ती हातानेच थांब म्हणायची. आवाज पूर्ण वाढवला होता, आणखी वाढत नव्हता. एकदा जेवताना ती वरणभात कालवता कालवता सहज म्हणाली, "माझे कान गेले गं." मीठ कमी आहे म्हणतात, तशा सुरात.

मी तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि वयाच्या मानाने कान चांगले आहेत म्हणाले. आईने त्यातलं 'वयाच्या मानाने' एवढंच उचललं. मग ते गप्पांच्या ओघात असंही म्हणाले की उतारवयात गाणं ऐकू येतं पण बोललेलं कळेनासं होतं, तिथून सुरुवात होते. झालं. आईला गाणं ऐकू येत होतं आणि बोललेलं येत नव्हतं. बाहेर रिक्षात बसल्यावर ती मला डॉक्टरांची हुशारी सांगत होती. माझ्याशी तिचं बोलणं व्यवस्थित चाललं होतं, रिक्षाच्या घरघरीत, भर रस्त्यात. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली की तुझा आवाज मोठा आहे.

पण काम तिने सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं तिला वाटत होतं, आणि सोडवत नव्हतं. जे ऐकू येईल ते ऐकून, बाकीचं पुस्तकात बघून, अंदाजाने ती धडे पास करत गेली. मग वाकोल्याच्या एका मुलीचा संस्थेत फोन आला. ती मुलगी बी.ए.ला होती, दिसत नव्हतं, इतिहासाचा पेपर देऊन आली होती. तिच्या पुस्तकातली दोन पानं गायबच होती आणि नेमका त्यावर मोठा प्रश्न आला होता. ते पुस्तक आईने पास केलेलं होतं.

संस्थेच्या प्रमुख बाई आईला एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी सत्कार ठेवला.

आपल्याकडे माणसाला हाकलायचं असेल तर शाल घालून हाकलतात. घाटकोपरच्या एका छोट्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. आई नारायणपेठ नेसून गेली. मी अर्धी रजा टाकून पोचले. प्रमुख बाई माइकवर म्हणाल्या की ताईंनी संस्थेला खूप दिलं, आता त्यांनी विश्रांती घ्यावी, आपल्या छंदांना वेळ द्यावा, हक्काने पाहुण्या म्हणून यावं. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, आणि काचेच्या तुकड्यावर कोरलेलं आईचं नाव. आई हसत होती, नमस्कार करत होती. खालच्या रांगेत बसून मी दातांवर दात घासत होते. मला उठून विचारायचं होतं की हिचा छंद कोणता हे तुम्हाला माहीत आहे का, तुम्ही तोच तर काढून घेताय. मी उठले असते. पण बटाटेवड्यांची प्लेट माझ्या हातात आली आणि आई स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. ती नजर मी शाळेपासून ओळखते. मी वडा खाल्ला.

त्यानंतर आईने कॉम्प्युटरवर चादर घातली. सकाळी ती त्या टेबलावर भाजी निवडायची, दुपारी कपड्यांच्या घड्या घालायची. फोनवर कुणी काही बोलायच्या आधीच ती सांगायची की मला जरा कमी ऐकू येतं हं. शेजारच्या काकू खालून हाक मारायच्या तेव्हा ती मला विचारायची, हाक मारली का गं कुणी? तिला ऐकू आलेलं असायचं. तिचा कानांवर विश्वास उरला नव्हता.

मग एका शनिवारी ऑफिसच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग मला घरी ऐकायचं होतं. माझ्या इयरफोनचं चार्जिंग संपलेलं. मी चादर काढली, मखमलीची पिशवी उघडली आणि आईचे हेडफोन लावले. तोपर्यंत मी त्यांना हातही लावला नव्हता, कारण ते आईचे होते आणि आई ते देवाच्या भांड्यांसारखे जपायची. माझे साहेब कुठल्यातरी लांबच्या विहिरीत उभे राहून बोलत आहेत असं ऐकू आलं. मी आवाज वाढवला. तो पूर्णच होता. मी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबले, आणि दाबल्यावर मला कळलं की मी काय करते आहे. आईची ती बसण्याची रीत होती. माझे कान ठणठणीत आहेत आणि मी आईसारखी बसले होते.

खोक्यावर तीनशे ओहम असं लिहिलं होतं. ते काय असतं ते मी नेटवर शोधलं. हेडफोनच्या आत तारेचं बारीक वेटोळं असतं. ते जितका जास्त अडथळा करतं तितका त्याला जास्त व्होल्टेजचा जोर द्यावा लागतो, आणि साध्या कॉम्प्युटरच्या भोकातून तेवढा जोर बाहेर पडत नाही. खालच्या टाकीतलं पाणी पंपाशिवाय वरच्या मजल्यावर चढत नाही, तसं. त्या पंपाला ॲम्प्लिफायर म्हणतात. एवढीशी गोष्ट.

पण नेटवर ती एवढीशी नव्हती. तिथे माणसं या प्रश्नावर वर्षानुवर्षं भांडत होती. एक म्हणतो ॲम्पशिवाय तीनशे ओहम म्हणजे पैसे पाण्यात. दुसरा म्हणतो सगळं मार्केटिंग आहे, माझ्या लॅपटॉपवर मस्त वाजतं. तिसरा दोघांनाही अडाणी म्हणतो. वाचून वाचून माझं डोकं तापलं, कारण सगळे आपापल्या ठिकाणी खरं बोलत होते आणि एकालाही समोरच्याला साधा प्रश्न विचारायचा नव्हता, की बाबा, तू ऐकणार काय आहेस? बाजारातली गाणी मुळातच मोठ्या आवाजात भरलेली असतात. ती अशक्त भोकातूनही पुरेशी वाजतात. पण मुलुंडच्या एखाद्या काकू नवरा झोपलाय म्हणून हळू आवाजात भूगोल वाचतात, फोनपासून हातभर लांब बसून, त्यांचं काय? तिथे आवाज पूर्ण वाढवूनही काही उरत नाही. आईला गाणं ऐकू येत होतं आणि बोललेलं येत नव्हतं ते एवढ्यासाठी. डॉक्टरांची हुशारी मला आठवली आणि मी टेबलावर हात आपटला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, काय पडलं? तिला बरोबर ऐकू आलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की इतकी भारी वस्तू आहे, त्याने विचार करूनच पाठवली असेल. मी माझ्या फोनला स्वस्तातले वायरचे इयरफोन लावून तिला ऐकवलं, तर म्हणाली की स्वस्तातल्या वस्तू गोंगाट जास्त करतात. मग मी तिच्याशी वाद घालणं सोडलं आणि दादाला फोन लावला. तो म्हणाला की तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, साउंड कार्ड बदला. मी विचारलं, घेताना हे तीनशे ओहम तू वाचलं नव्हतंस का? तो म्हणाला की याबद्दल फिफ्टी-फिफ्टी मतं आहेत. मी फोन ठेवला. माझ्या भावाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर फिफ्टी-फिफ्टीत देता येतं, म्हातारपणी आईजवळ कोणी राहायचं या प्रश्नाचंसुद्धा. त्याचे फिफ्टी तिकडे असतात आणि माझे फिफ्टी रोज इथे जेवायला असतात.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर मी अंधेरीतच एका दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने काळे चकचकीत डबे काढून दाखवले, कुठल्या गाण्यांसाठी हवंय विचारलं. आईला धडे ऐकायचे आहेत म्हटल्यावर त्याचा उत्साह एकदम गेला. "मम्मी के लिए? तो सादा हेडफोन ले लो ना मॅडम, उनको क्या फरक पडेगा." मी त्याला म्हटलं की फरक पडतो की नाही ते मम्मी ठरवेल, तू डबा दे. तो डबा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा होता. एका बाजूची वायर कॉम्प्युटरला, दुसऱ्या बाजूने हेडफोन. बस.

आईला मी तिच्याच जागी बसवलं. तिने पास केलेल्या एका पुस्तकाचा धडा अजून कॉम्प्युटरवर होता, तो लावला. मला वाटलं होतं ती हसेल, रडेल, निदान माझा हात धरेल. ती ऐकत राहिली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"हे मी पास केलं?" ती म्हणाली. "यात कुकर आहे. मधला परिच्छेद नाहीये. अगं, यात अख्खा परिच्छेद नाहीये."

मी म्हटलं, आई, तुझे कान चांगले आहेत. ती म्हणाली, ते राहू दे गं आता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने फोन स्पीकरवर टाकून संस्थेला लावला. प्रमुख बाईंना तिने हेडफोनची हकीकत सांगितली आणि त्या महिन्यांत पास केलेली सगळी पुस्तकं परत तपासू द्या म्हणाली. पलीकडे बाई फार गोड बोलल्या. आता दुसऱ्या ताई बघतात, त्यांनी नवीन पद्धत बसवली आहे, तुम्ही कशाला त्रास घेता. आईच्या बोलण्यात हेडफोन आले तेव्हा बाई काय समजल्या असतील ते मला ऐकूनच कळत होतं: म्हाताऱ्या माणसाला मान्य करायला जड जातं. एकदा सत्कार झालेला माणूस परत कामाला लावायची आपल्याकडे सोयच नाही. मी म्हणत होते की जाऊन भांडते. आई नको म्हणाली आणि दुपारी तिने पुन्हा फोन केला, आणि मग रोज केला, शाळेत उशिरा वही देणाऱ्या मुलाच्या मागे लागायची तशी. शेवटी बाईंनी कंटाळून फाइली पाठवल्या. हवं तर बघा ताई, असं म्हणून. तिचं नाव कुठे लागणार नव्हतं आणि चुका सापडल्या तर दुरुस्त होतीलच असंही कुणी कबूल केलं नव्हतं. वाकोल्याच्या मुलीचं पुस्तक तिने सगळ्यात आधी घेतलं.

या सगळ्या दिवसांत ती दादाबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही. मला त्याचाच जास्त संताप येत होता. मी भांडी आपटत होते, त्याला काय माहीत गं बिचाऱ्याला, असं ती म्हणत होती. एकदा मी तिला सरळ विचारलं की तुला राग येत नाही का. ती म्हणाली, कुणाचा?

रविवारी सकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. आई टेबलाशी बसलेली, हेडफोन गळ्यात, पेन्सिल हातात. फोन मी समोर पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा केला. ॲम्प आणल्याचं आईने त्याला कळवलं होतं, त्यामुळे दादा खुशीत होता. मागे त्याची ती खोली दिसत होती, भिंतीवर ओळीने हेडफोन टांगलेले, खाली दिवे लागलेले डबे. आता येतं ना नीट ऐकू, त्याने विचारलं. आई म्हणाली, हो रे, फार छान ऐकू येतं. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, मी मान वर केली नाही.

"मला तेव्हाच वाटलं होतं गं की सोबत ॲम्प पाठवावा," दादा म्हणाला. "माझ्याकडे एक पडूनही होता. पण म्हटलं, तुला कुठे म्युझिक ऐकायचंय, तुला नुसतं बोललेलंच तर ऐकायचंय. तेवढ्याला चालून जाईल."

आईने पेन्सिल पुस्तकावर आडवी ठेवली. दादाला वाटलं आवाज गेला असेल, तो हॅलो, हॅलो करायला लागला. कांद्यावरची माझी सुरी थांबली होती. मी आईकडे बघत होते आणि तिच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल होताना मला दिसल्या.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

दादा म्हणाला की माहीत म्हणजे तसं नाही, लोकांची मतं...

"ज्याला दिसत नाही ना रे, त्याच्याकडे नुसतं बोललेलंच असतं." तिचा आवाज चढलेला नव्हता. वर्गात सगळ्यात मागच्या बाकाला ऐकू जाईल एवढाच होता. "आणि मला तेवढं एकच काम नीट येत होतं."

मग तिने बोट पुढे करून लाल बटण दाबलं. आईने दादाचा फोन स्वतःहून तोडल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. त्याचं नाव लगेच पुन्हा पडद्यावर आलं, फोन टेबलावर थरथरत राहिला. इतके दिवस मी तिच्या रागाची वाट बघत होते, आणि तो आला तर त्यात मला बोलायला जागाच नव्हती. ती हेडफोन कानावर चढवत होती. मला म्हणाली, तो फोन आत नेऊन ठेव, मला ऐकू येत नाहीये.